मानसचरित्र लिहायला बसताना

एखाद्या थोर नेत्याचं चरित्र वाचताना सनावळ्या कळतात, तह कळतात, लढाया कळतात. तरी मध्येच कुठेतरी आपण थबकतो. ऐन त्या दिवशी हा माणूस असा का वागला? त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर वेगळंच काही घडलं असतं, हे जाणवत राहतं. या ‘का’चा माग मानसशास्त्राच्या मदतीने काढणारं लेखन म्हणजे मानसचरित्र. महाविद्यालयांत याला सायकोबायोग्राफी म्हणतात.

मराठीत चरित्रांची परंपरा मोठी आहे, पण मानसचरित्रं त्यामानाने फारच थोडी. पदवीचा प्रकल्प असो, दिवाळी अंकातला लेख असो की वाचनमंडळातलं भाषण, ज्यांना हा प्रकार हाताळून पाहायचा आहे त्यांच्यासाठी कामाची रीत इथे मांडतो आहे. मानसशास्त्राची पदवी नसली तरी चालेल. तेच तेच जुने कागद पुन्हा वाचायची चिकाटी नसेल, तर मात्र चालणार नाही.

पायरी १: नेता निवडण्याआधी कागद बघा

आपल्याकडे नवख्याच्या मनात पहिलं नाव येतं ते छत्रपती शिवाजी महाराजांचं. ते प्रेमापोटी येतं, आणि तरीही मी सांगेन की तिथून सुरुवात करू नका. महाराजांची राजकारणाची, कारभाराची पत्रं आहेत, पण आत्मकथन नाही. त्यांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर, १६९० च्या दशकात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. राजनीतीवर, दुर्गांवर, कारभारावर लिहायला एवढ्या साधनांत पुष्कळ आहे. पण एकट्याने बसलेले असताना त्यांच्या मनात काय चालत असेल, हे सांगणारा कागद हाती नाही. तो नसताना लिहिलं, तर आपण आपल्याच मनातलं त्यांच्या तोंडी घालू.

निवड करताना तीन गोष्टी शोधा. त्या माणसाच्या हातचं खासगी लेखन, जवळच्या कुणाची आठवण, आणि निदान एक तरी विरोधकाची साक्ष. न्यायमूर्ती रानडे यांच्याबाबतीत दुसरी गोष्ट फार मोलाची मिळते: रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचं पुस्तक. सभेत दिसणारा माणूस आणि जेवणाच्या पाटावर दिसणारा माणूस यांतलं अंतर अशा पुस्तकांतूनच कळतं.

हयात माणसांच्या वाटेला जाऊ नका. १९६४ साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते, तेव्हा ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकाने १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली. २,४१७ जणांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या १,१८९ जणांनी गोल्डवॉटर मनाने या पदाला लायक नाहीत असं सांगून टाकलं. बहुतेकांनी त्यांना कधी तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने न तपासलेल्या माणसाबद्दल असं मत जाहीर करायला मनाई करणारा नियम केला. पदवीधर तज्ज्ञांनी जे करू नये, ते आपणही करू नये.

या लेखात उदाहरण म्हणून मी मोहनदास गांधींना घेतो. स्वतःबद्दल त्यांच्याइतकं मोकळेपणाने लिहिणारे नेते थोडेच झाले, आणि त्यांचं समग्र लेखन इंग्रजीत शंभर खंडांत तारीखवार लावलेलं आहे. तारीखवार हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

पायरी २: एकच प्रश्न, आणि तोही लहान

‘गांधीजींचं मन’ हा विषय होऊ शकत नाही. ‘१५ मार्च १९१८ रोजी सकाळी गांधीजींनी उपवास का जाहीर केला?’ हा होतो.

प्रसंग असा. अहमदाबादच्या गिरणी कामगारांना प्लेगच्या साथीत शहर सोडून जाऊ नये म्हणून ‘प्लेग बोनस’ मिळत होता. साथ ओसरली, मालकांनी तो बंद करायचं ठरवलं. इकडे महागाई आभाळाला भिडलेली. मजूर ५० टक्के वाढ मागत होते. गांधीजींनी हिशेब करून मागणी ३५ टक्क्यांवर आणली. मालक २० टक्क्यांच्या वर यायला तयार नव्हते. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई उभे होते आणि मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. २२ फेब्रुवारीला गिरण्यांना टाळं लागलं. साबरमतीच्या काठी एका बाभळीखाली रोज सभा भरायची, रोज पत्रक निघायचं. तिसरा आठवडा सरत आला तशी सभेची गर्दी विरळ होऊ लागली, आणि १५ तारखेच्या सभेत गांधीजींनी सांगितलं की तडजोड होईपर्यंत किंवा मजूर गिरण्या सोडून जाईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. १८ तारखेला तोडगा निघाला: पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. शेवटी लवादाने ३५ टक्केच दिले.

एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने नेमका हाच प्रसंग निवडला होता. तो १९६२ मध्ये एका परिसंवादासाठी अहमदाबादेत आला, साराभाई कुटुंबाच्या संपर्कात आला, आणि ही तीन आठवड्यांची गोष्ट त्याच्या मनातून जाईना. १९६९ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दांडीयात्रा, फाळणी, हत्या असे मोठे प्रसंग समोर असताना त्याने एका शहरातला संप उचलला, यातच नवख्याने शिकण्यासारखं बरंच आहे. प्रश्न लहान असला की साधनं मर्यादित राहतात, आणि एका माणसाला ती सगळी वाचून होतात.

पायरी ३: प्रत्येक आठवणीला दोन तारखा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एक वही करा. दर पानावर एक नोंद. वर डावीकडे घटना कधी घडली ती तारीख, उजवीकडे ती कधी लिहिली गेली ती तारीख. खाली कोणी लिहिली आणि कोणी वाचावी म्हणून लिहिली. मग मजकूर, आणि तो मूळ शब्दांत. आपलं मत या पानावर लिहायचं नाही, त्यासाठी वहीच्या मागची पानं आहेत.

आता गांधीजींची एक गाजलेली आठवण बघा. १८८५ साल. मोहन सोळा वर्षांचा. वडील करमचंद आजारी आहेत आणि रोज रात्री तो त्यांचे पाय चेपतो. त्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास काका म्हणाले, तू जा, मी बसतो. त्याला बरंच वाटलं, तो सरळ आपल्या खोलीत गेला. पत्नी गरोदर होती आणि झोपली होती; त्याने तिला उठवलं. पाच-सहा मिनिटांत नोकराने दार ठोठावलं. वडील गेले होते. पुढे जन्मलेलं बाळही तीन-चार दिवसांतच गेलं. या प्रकरणाच्या मथळ्यातच गांधीजींनी ‘दुहेरी लाज’ असे शब्द वापरले आहेत.

आता १९१८ कडे या. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी या संपावर ‘एक धर्मयुद्ध’ नावाचं गुजराती पुस्तक लिहिलं. त्यात उपवासाच्या आदल्या घडामोडींत एक टोमणा नोंदलेला आहे. गांधीजींचे सहकारी चाळीत मजुरांना सभेला बोलवायला गेले, तेव्हा तिथले लोक म्हणाले की गांधीजींचं आणि अनसूयाबेनचं काय जातंय, ते मोटारीतून येतात-जातात, चांगलंचुंगलं खातात, मरण आमचं आहे.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी हे दोन प्रसंग सरळ जोडले होते. दुःखात असलेल्या माणसाला सोडून आपण सुखात होतो, ही जखम १८८५ ची. चाळीतल्या टोमण्याने तिच्यावरच बोट ठेवलं. म्हणून अन्न सोडलं. ते वाचताना मला स्वतःलाच भारून गेल्यासारखं झालं होतं. मग वहीत दोन तारखा भरायला घेतल्या. वडिलांच्या मृत्यूची ती आठवण गांधीजींनी लिहिली आत्मकथेत, आणि आत्मकथा ‘नवजीवन’मधून प्रकरणाप्रकरणाने छापून यायला लागली ती १९२५ च्या अखेरीस. म्हणजे ती घटनेनंतर चाळीस वर्षांनी लिहिली गेली, आणि अहमदाबादच्या संपानंतरही सात वर्षांनी. तेव्हा १८८५ ने १९१८ घडवलं, की १९१८ मधून गेलेल्या माणसाने १८८५ कडे वळून पाहताना त्या आठवणीला हा आकार दिला? कागद दोन्ही बाजूंनी बोलतात. माझा लाडका परिच्छेद मला निम्मा कापावा लागला.

म्हणून सांगतो, बालपणीच्या प्रसंगावर इमारत उभी करण्याआधी तो प्रसंग कुणी, किती वर्षांचा झाल्यावर सांगितला ते पाहा.

पायरी ४: कुठे थांबून वाचायचं

हजारो पानांतलं काय टिपायचं? अर्विंग अलेक्झांडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यासाठी नऊ खुणा सांगितल्या आहेत: माणूस सर्वांत आधी काय सांगतो, पुन्हा पुन्हा काय सांगतो, काय जगावेगळं सांगतो, कशाला आवर्जून नाही म्हणतो, काय ठासून सांगतो, काय गाळतो, कुठे चुकतो, कुठला मजकूर मध्येच सुटा आल्यासारखा वाटतो आणि कुठली गोष्ट अर्धी सोडतो.

नवख्याने यांतल्या गाळण्यापासून सुरुवात करावी, कारण ते सापडलं की काम एकदम जिवंत होतं. वरचा टोमणा पुन्हा घ्या. देसाईंच्या पुस्तकात तो आहे. आत्मकथेतल्या उपवासाच्या प्रकरणात मात्र तो नाही. तिथे भर आहे तो मजुरांच्या डळमळणाऱ्या प्रतिज्ञेवर आणि दंगा होईल या भीतीवर. उपवासाचे शब्द आपोआप ओठांवर आले असं गांधीजी लिहितात. पुढे ते मोकळेपणाने हेही मान्य करतात की मालकांशी जिव्हाळ्याचे संबंध असल्यामुळे या उपवासात दोष होता, कारण त्याचा दाब मालकांवर पडल्याशिवाय राहणार नव्हता. स्वतःचा दोष सांगणारा माणूस टोमणा का सांगत नाही? तो त्यांना क्षुल्लक वाटला असेल, मजुरांना कमीपणा येईल असं वाटलं असेल, किंवा तो इतका खोल लागला असेल की सांगण्यातून निसटला असेल. तिन्ही शक्यता लिहून ठेवा. लगेच एक निवडू नका.

उपवास चालू असतानाच, १७ मार्चला, ते आश्रमातल्या मंडळींपुढे या विषयावर बोलले होते. त्या बोलण्यात लोकमान्य टिळकांचाही उल्लेख आहे, म्हणून मराठी वाचकाला ते वाचण्यात विशेष गोडी वाटेल. पण खरं मोल वेगळं आहे: हे भाषण उपवासाच्या तिसऱ्या दिवसाचं आहे, आत्मकथेतलं प्रकरण बऱ्याच वर्षांनंतरचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

मूळ भाषेचंही पाहा. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१० मध्ये चित्रकार लिओनार्दो दा विंचीवर लिहिलं, तेव्हा लिओनार्दोच्या बालपणीची एक आठवण त्याने पाया म्हणून घेतली: पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्याने शेपटीने तोंड उघडलं. फ्रॉइडने जर्मन भाषांतर वाचलं होतं आणि त्यात पक्षी होता गिधाड. मग इजिप्तची गिधाडमुखी मातृदेवता आली, आईशी असलेलं नातं आलं, बरंच काही आलं. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ आहे घार. गिधाडाबरोबर देवताही उडून गेली. गांधीजींची आत्मकथा गुजरातीत लिहिलेली आहे, आणि मराठी माणसाला गुजराती थोड्या सरावाने वाचता येते. महत्त्वाचा शब्द असेल तिथे मूळ पान उघडण्याचा आळस करू नका.

पायरी ५: मनाआधी घर, पंथ आणि काळ

गांधीजींच्या आई पुतळीबाई चातुर्मासात व्रतं करायच्या. एका चातुर्मासात त्यांचं व्रत होतं की सूर्य दिसल्याशिवाय जेवायचं नाही. पावसाळ्याचे दिवस. मुलं आभाळाकडे डोळे लावून उभी असायची, सूर्य दिसला की धावत आईला सांगायची. ती बाहेर येईपर्यंत तो ढगात गेलेला असायचा. देवाच्या मनात आज मला जेवू घालायचं नाही, असं म्हणून ती हसतमुखाने कामाला लागायची.

हे वाचून परदेशी अभ्यासकाला आत्मपीडनाची शंका येऊ शकते. आपल्याला आपली आजी आठवते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी, एकभुक्त राहणारी, आणि त्यातच प्रसन्न असणारी. उपवास ही काठियावाडच्या वैष्णव आणि जैन वातावरणात रोजच्या जगण्याची भाषा होती. एखादं वर्तन विशेष आहे असं म्हणण्याआधी, त्या गल्लीत, त्या घरात, त्या काळी ते किती जण करत होते याची चौकशी करा. मग उरतं ते त्या माणसाचं. व्रत घरोघरी होतं. शहरातल्या संपात, दहा हजार मजुरांच्या प्रतिज्ञेसाठी ते वापरणं गांधीजींचं होतं. आपला शोध त्या फरकाचा आहे.

याच पायरीवर एक चूक होते आणि ती मला अक्षम्य वाटते. अन्यायाला मनोविकाराचं नाव देण्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहानपणी वडिलांकडे जायला निघालेल्या प्रवासाची आठवण लिहून ठेवली आहे. मसूर स्टेशनावर उतरलेली मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकतो, गाडीवान मिळत नाही, वाटेत पाणी मिळत नाही. ती आठवण वाचून त्यांच्या पुढच्या बाण्याला ‘बालपणीचा न्यूनगंड’ म्हणणारा माणूस पाणी नाकारणाऱ्यांना मोकळं सोडतो. ७ जून १८९३ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलेल्या गांधीजींचंही तेच. आधी घडलं ते अन्याय म्हणून लिहा. त्याला त्या माणसाने दिलेलं उत्तर हा त्यानंतरचा विषय.

पायरी ६: सगळी उत्तरं मांडा, मग एकेक पाडा

विल्यम रुनियन या अभ्यासकाने १९८१ मध्ये चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला ती गोष्ट घेऊन तोपर्यंत दिली गेलेली तेरा वेगवेगळी मानसशास्त्रीय स्पष्टीकरणं एकत्र मांडली आणि एकेक तपासलं. एकाच कृत्याला तेरा उत्तरं, आणि प्रत्येक सुटं वाचलं तर पटणारं. म्हणूनच आपलं पहिलं उत्तर पटलं या आनंदात थांबायचं नाही.

वुड्रो विल्सनचं उदाहरण यासाठी मुद्दाम वाचा. हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लहानपणी उशिरा वाचायला शिकला. १९५६ मध्ये अलेक्झांडर आणि ज्युलिएट जॉर्ज या दांपत्याने त्याला कडक, धर्मोपदेशक वडिलांविरुद्धच्या मूक बंडाशी जोडलं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अध्यक्षपदी असताना आणि पुढे १९१९ मध्ये राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) करारावरून सिनेटशी झुंजताना तो तडजोडीला तयार झाला नाही, त्यातही त्यांना तेच नातं दिसलं. त्याची ताठरता एवढी, की सिनेटने दुरुस्त्या घातलेल्या कराराविरुद्ध मत द्यायला त्याने स्वतःच्या पक्षाला सांगितलं, आणि करार पडला. नंतर एडविन वाइनस्टाइन या मेंदूविकारतज्ज्ञाने तेच कागद घेऊन सांगितलं की उशिरा वाचणं हे वाचनदोषाचं लक्षण असावं आणि ताठरतेमागे १८९६ पासूनचे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे झटके असावेत. २ ऑक्टोबर १९१९ चा मोठा झटका तर सर्वांना माहीत होताच. वाद बराच काळ चालला. तथ्य एकच होतं. एकाला त्यात बाप दिसला, दुसऱ्याला मेंदू.

म्हणून आपल्या प्रश्नासाठी कागदावर उभी यादी करा. संप मोडत होता, डावपेच म्हणून उपवास केला. आईकडून आलेली व्रताची सवय. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमात १९१३ मध्ये दोघांच्या चुकीसाठी त्यांनी सात दिवस उपवास केला होता, त्याचीच पुढची पायरी. टोमण्याने जागी झालेली लाज. मित्र आणि मजूर यांच्यामध्ये सापडल्याची कोंडी. आता प्रत्येकापुढे लिहा: हे खरं असेल तर कागदांत आणखी काय सापडायला हवं? निव्वळ डावपेच असता तर गांधीजी नंतर त्याला सदोष म्हणाले नसते. निव्वळ सवय असती तर ते तीन आठवडे थांबले नसते. अशी घासाघीस करूनच दोन-तीन उत्तरं उरतात, आणि बहुधा ती एकमेकांना धरून उभी असतात.

पायरी ७: स्वतःचा राग-लोभ

हे थोडक्यात. फ्रॉइड आणि अमेरिकी मुत्सद्दी विल्यम बुलिट यांनी मिळून विल्सनवर लिहिलेलं पुस्तक १९६० च्या दशकात बाहेर आलं. विल्सन आपल्याला सुरुवातीपासूनच आवडत नव्हता, असं फ्रॉइडने प्रस्तावनेत सांगितलं आहे. बुलिटने तर १९१९ मध्ये रागावून विल्सनच्या हाताखालची नोकरी सोडली होती. पुस्तक वाचताना तो राग पानापानातून जाणवतो. एरिक्सनने वेगळं केलं. पुस्तकाच्या मध्यावर त्याने गांधीजींनाच पत्र लिहिलं आणि घरच्या माणसांशी, विशेषतः कस्तुरबांशी, वागण्यातल्या कठोरपणाबद्दल त्यांना समोरासमोर विचारलं. तुम्हीही लेखन सुरू करण्याआधी आपल्या नेत्याला असं एक पत्र लिहा. छापू नका. त्यात जे उमटेल ते मसुदा तपासताना शेजारी ठेवा.

पायरी ८: वाक्यं

निदानाचे शब्द टाळा. ‘अमुक विकृती’, ‘अमुक गंड’ लिहिलं की वाचक विचार करायचं थांबवतो आणि लेखकही. कागद सांगतो तिथे ‘आहे’, आपण सांगतो तिथे ‘असावं’. हा फरक प्रत्येक वाक्यात पाळा, कंटाळा आला तरी. मसुदा झाला की तो त्या नेत्यावर जीव टाकणाऱ्या एकाला आणि त्याचा राग असणाऱ्या एकाला वाचायला द्या. दोघंही एकाच वाक्यावर बोट ठेवतील, तर ते वाक्य पुन्हा कागदांकडे घेऊन जा.

माझ्या अहमदाबादवरच्या टिपणाचा शेवटचा परिच्छेद सध्या असा आहे, नमुना म्हणून देतो:

‘१५ मार्चच्या सकाळी गांधीजींपुढे विरळ झालेली सभा होती आणि चाळीतला टोमणा ताजा होता. प्रतिज्ञा मोडेल ही भीती त्यांनी स्वतः नोंदवली आहे. टोमण्याचा उल्लेख त्यांनी आत्मकथेत केलेला नाही. तो त्यांना लागला असावा, असं देसाईंच्या मांडणीवरून वाटतं. वडिलांच्या मृत्यूची आठवण या प्रसंगाशी मिळतीजुळती आहे, पण ती नंतर लिहिलेली असल्यामुळे तिला कारण म्हणता येत नाही.’